चाकू : एक आस्वाद

मराठीत चाकूवर म्हण नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ होतो, विळ्याचं भोपळ्याशी जमत नाही, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, माणूस कात्रीत सापडतो आणि सुपारी अडकित्त्यात. सुरी सोन्याची असली तरी उरात घालून घेऊ नये, असं आजी सांगून गेली. खंजीर तर दर निवडणुकीला कुणाच्या ना कुणाच्या पाठीत असतोच. धार असलेल्या एकूण एक वस्तूला भाषेनं पाटावर बसवून वाढलं आणि खिशातल्या घडीच्या चाकूला तेवढं पंगतीबाहेर उभं केलं. मी तरी आजवर त्याच्यावर एकही म्हण ऐकलेली नाही.

समीक्षेचीही तीच तऱ्हा. कवितेवर समीक्षा आहे, नाटकावर आहे, अलीकडे तर मिसळीवर आणि वडापाववरही गंभीर चेहऱ्यानं लिहिलं जातं. चाकूवर कुणी लिहीत नाही. तेव्हा हे काम मीच अंगावर घ्यायचं ठरवलं. माझी पात्रता विचाराल, तर ड्रॉवरमध्ये एकोणतीस घडीचे चाकू आहेत आणि तिसावा खिशात. या संग्रहाबद्दल आमच्या सौ.चं मत एका वाक्यात मावतं. "घरात तीस चाकू, आणि कांदा चिरायला मात्र विळी." समीक्षकाच्या घरात असा एक तरी प्रतिकूल वाचक असावा.

आधी थोडा कुलवृत्तान्त. 'चाकू' हा शब्द आपल्याकडे तुर्की-फारसीच्या वाटेनं आला. त्याच वाटेनं 'कलमतराश'ही आला. कलमतराश म्हणजे बोरू तासायचा चाकू. इंग्रजांच्या पेननाइफची जन्मकथाही हीच. पिसाच्या लेखणीचं टोक झिजलं की ते पुन्हा तासून घ्यायला जे छोटं पातं लागायचं, ते हे. म्हणजे दौत, बोरू, वाळूदाणी आणि चाकू हे चौघं एकाच बैठकीवरचे. वाचकहो, हा मुद्दा जरा लक्षात ठेवा. खिशातल्या चाकूचं घराणं गुंडाचं नव्हे, कारकुनाचं आहे. मी स्वतः एका सरकारी कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली. आमचं गोत्र एक आहे.

मग हा कारकुनी चाकू आपल्या खिशात रुजला का नाही? त्याचं उत्तर सोलापूरच्या कुठल्याही शेतात दुपारी बाराला मिळतं. फ्रान्समधला शेतकरी म्हणे बांधावर बसतो, खिशातून चाकू काढतो, पाव कापतो, चीज कापतो, पातं विजारीला पुसतो आणि मिटून परत खिशात टाकतो. आमचा शेतकरी भाकरी हातानं मोडतो. कांदा फडक्यावर ठेवतो आणि त्याला बुक्की घालतो. ऊस दातानं सोलतो, शेंग चिमटीत फोडतो, हुरडा तळहातावर चोळतो, सीताफळ अंगठ्यानं उकलतो, रायवळ आंबा चोखतो आणि बोर तर सबंधच तोंडात टाकतो. आमची कडक भाकरी म्हणाल, तर तिच्याकडे नुसतं रोखून बघितलं तरी तुकडा पडतो. यात चाकूनं शिरकाव करायचा कुठं? उरली काकडी, आणि उरला पेरू. मराठी चाकूची सगळी कारकीर्द पेरूवर उभी आहे. शाळेत पेन्सिलीचं टोक होतं, तेही आधी अर्ध्या ब्लेडनं आणि मग गिरमिटानं पळवलं.

आता प्रत्यक्ष समीक्षेकडे वळू.

जुन्या पद्धतीच्या घडीच्या चाकूला कुलूप नसतं. पात्याच्या बुडाशी एक चौकोनी टाच असते आणि पाठीमागून पोलादाची एक कमान त्या टाचेवर दाबून बसलेली असते. पात्याच्या अंगावर नखापुरती खाच. खाचेत अंगठ्याचं नख घालून ओढलं, की सुरुवातीला कमान विरोध करते. निम्म्यावर ती घटकाभर थांबते, आपल्या मनात काय आहे ते बघते. आणि पुढं तीच पात्याला ओढून जागेवर बसवते. 'टक्.' मर्ढेकरांनी लयीचे तीन प्रकार सांगितले, संवाद, विरोध आणि समतोल. कॉलेजात ते मला कधीच कळले नव्हते. दोन रुपयांच्या चाकूनं ते अर्ध्या सेकंदात समजावून दिले. मिटतानाही तोच क्रम. ती 'टक्' स्वच्छ, कोरडी आणि घाई न करता आली, तर चाकू पहिल्या प्रतीचा. 'खळ्ळ' असा आवाज आला तर रिबीट सैल. आवाजच आला नाही, तर कमान मेली.

या कसोटीवर पहिला मान शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सला. तारा आणि माल्टीज क्रॉस ही त्यांची खूण १७६४ पासूनची. हे चाकू साहेबाच्या बोटीतून इकडे आले आणि घराघरांत शिरले. आमचे वडील कुठल्याही चांगल्या चाकूला 'राजर' म्हणत. जसं तुपाला डालडा. या रॉजर्सनी १८२२ साली एक चाकू केला. त्याला पाती १८२२, आणि पुढं सालागणिक एकेक वाढवत नेलेलं. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी पंचाहत्तर पात्यांचा आणखी एक केला, त्याचं नाव नॉरफोक नाइफ. कारागिरीबद्दल वादच नाही. पण समीक्षक म्हणून विचारतो, या पंचाहत्तरांतल्या कुठल्या पात्यानं पेरू कापायचा? आणि पेरू धरायचा कुठल्या हातानं, कारण दोन्ही हात तर चाकूला लागणार. मोठ्या लेखकांचं असंच होतं. कथा उत्तम लिहीत असतात, कुणीतरी प्रदर्शन भरवतं आणि मग चार खंडांची कादंबरी येते.

दुसरा स्वित्झर्लंडचा लाल चाकू. कार्ल एल्सनर नावाच्या माणसानं १८८४ साली कारखाना काढला, १८९१ मध्ये सैनिकांसाठी चाकू पुरवायला घेतले आणि १८९७ मध्ये तो जगप्रसिद्ध, अनेक हत्यारं पोटात घेऊन फिरणारा अधिकाऱ्यांचा चाकू नोंदवला. आईचं नाव व्हिक्टोरिया; तिच्या नावापुढं न गंजणाऱ्या पोलादाचा 'इनॉक्स' लागला आणि १९२१ पासून झालं व्हिक्टोरिनॉक्स. आईवरून नाव ठेवलेला चाकू म्हणून मला तो आवडतो. बाकी त्याचा प्रकार दिवाळी अंकाचा. कथा, कविता, परिसंवाद, राशिभविष्य, पाककृती, सगळं आत. कात्री, करवत, चिमटा, दातकोरणी, डबा फोडायचं, बाटली उघडायचं. भाच्यानं आणला तेव्हा पहिल्या आठवड्यात मी एकेक पान उघडून वाचलं. आता वर्षभर फक्त दातकोरणी निघते. त्यातला तो मळसूत्री काटा बुचाच्या बाटलीसाठी आहे म्हणतात. आमच्या घरी तो पायजम्याच्या नाडीची गाठ सोडवायला लागतो, आणि त्या कामात त्याला जगात तोड नाही.

तिसरा ओपिनेल. फ्रान्सच्या डोंगराळ साव्वा भागात जोसेफ ओपिनेल या लोहाराच्या पोरानं १८९० च्या सुमारास काढलेला. एक पातं, एक लाकडी मूठ, एक खिळा. १९५५ पासून मुठीच्या गळ्यात एक फिरती कडी आली. ती फिरवली की पातं अडकतं आणि बोट वाचतं. संपला चाकू. याला म्हणतात ओवी. एक शब्द काढायला जागा नाही, घालायला गरज नाही. दोष एकच. पावसाळी हवेत लाकूड फुगतं आणि पातं मुठीत रुतून बसतं. पण आमच्या सोलापुरात ओपिनेलला कसली भीती? जोसेफबुवांनी जगभर हिंडून मुक्काम शोधला असता, तरी इतकं कोरडं गाव मिळालं नसतं. पोलाद साधं असल्यामुळं लिंबू कापलं की पातं काळंनिळं होतं. सौ. त्याला कळकट म्हणते. जाणकार त्याला वयाची झाक म्हणतात. दोघंही एकाच डागाबद्दल बोलतात.

आणि चौथा, ज्याच्यामुळं बाकी सगळे बदनाम झाले. रामपुरी. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांनी नवाबी काळापासून ही कला वाढवली. पितळी मूठ, लांब निमुळतं पातं, आणि खटका. नैनितालच्या सहलीत रामपुरात बस थांबली, तेव्हा मी बिनखटक्याचा एक छोटा घेतला. काम सुबक, मुठीवरची नक्षी हातानं कोरलेली. पण हिंदी सिनेमानं या चाकूला कधी भाजी कापू दिली नाही. १९६५ च्या 'वक्त'मध्ये राजकुमारनं समोरच्याचा रामपुरी हातात घेऊन जे सुनावलं, त्यानंतर थिएटरातल्या प्रत्येक माणसाला चाकू म्हणजे काय ते कळलं, आणि चुकीचं कळलं. समीक्षकाच्या नजरेनं बघाल, तर रामपुरीची मातब्बरी पात्यात नाहीच. ती आवाजात आहे. 'खटक्' झालं, की पुढचं वाक्य बोलायची गरज नाही. व्यासपीठावरचे काही वक्ते असेच असतात, माइक ठीक करतानाच टाळी घेतात. २०२३ साली रामपूरच्या चौकात सुमारे वीस फूट लांबीचा चाकू उभा केला. धंद्यातले कारागीर मात्र मोजके उरले होते. पुतळा उभा राहिला की आपल्याकडे असंच समजायचं असतं.

चाकूंच्या जगातही कलावादी आणि जीवनवादी आहेत, हे मला उशिरा कळलं. फडके-खांडेकरांच्या वादात एक पिढी म्हातारी झाली; आमच्यात तो वाद अजून तरुण आहे. कलावादी चाकूला मखमलीच्या पेटीत ठेवतो. वर्षातून दोनदा तेलाचा थेंब. कधी काही कापलं नाही, ही त्याच्या चाकूची सर्वांत मोठी लायकी. जीवनवादी म्हणतो, ज्या पात्यानं पेरू पाहिला नाही ते पातं नव्हेच. खरेदी-विक्रीत शब्द कलावाद्याचा चालतो. पातं किती उरलं, त्यावर भाव. दर धारेला थोडं पोलाद जातं, म्हणून धार लावलेला चाकू स्वस्त आणि कोरा चाकू महाग. जगात ही एकच वस्तू असेल, जिचं काम न करणं हा गुण धरला जातो. (सरकारी कचेरीचा अपवाद मी जाणूनबुजून केलेला नाही.)

या बाबतीत मी आपल्या पुण्याच्या दिनकर केळकरांच्या बाजूचा आहे. कवी 'अज्ञातवासी' म्हणजे हेच. मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावानं त्यांनी संग्रहालय उभं केलं. वीस हजारांच्या आसपास वस्तू. त्यात दिवे आहेत, वाद्यं आहेत, आणि अडकित्ते किती तरी. घोड्याचे, मोराचे, युगुलांच्या आकाराचे. मराठी माणसाचा खरा घडीचा चाकू म्हणजे अडकित्ता. चंचीत राहतो, दोन हातांनी मिटतो आणि समोरच्याशी बोलता बोलता चालतो. पण त्या संग्रहालयात मी तासभर उभा राहिलो तो नक्षीसाठी नव्हे. पितळ अंगठ्याच्या जागी गुळगुळीत झालेलं होतं. कुणाच्या तरी अंगठ्यानं पन्नास वर्षं सुपारी कातरली होती. केळकरांनी ते पुसून काढलं नाही.

माझ्या ड्रॉवरमधला तिसावा चाकू मी एकदा पुण्याहून आलेल्या एका मोठ्या संग्राहकाला दाखवला. वडिलांचा. मुठीच्या एका बाजूला शिंग, दुसऱ्या बाजूला शिसवीचा तुकडा. मूळ शिंग फुटल्यावर गिरणीतल्या सुतारानं बसवून दिलेला. दोन पात्यांपैकी धाकटं मोडलेलं. त्याचा उपयोग स्क्रू पिळायला. थोरलं पातं झिजून कडुलिंबाच्या पानाएवढं झालेलं. खूण पुसली गेलेली, त्यामुळं 'राजर' खरा की नावाचा, देव जाणे. पाहुण्यांनी डोळ्याला भिंग लावलं, चाकू उलटासुलटा केला आणि म्हणाले, "पातं पाव हिस्सा राहिलंय. किंमत काही नाही. पण वापर जबरदस्त झालाय."

मी चहा पुढं केला.

वडील गिरणीत साच्यावर होते. पाळी संपवून आले, की हातपाय धुऊन ओट्यावर बसायचे. पेरूच्या दिवसांत धोतराच्या सोग्यातून एक पेरू निघायचा. एकच. आम्ही पाच भावंडं. चाकू टक् करून उघडायचा आणि एका पेरूच्या सहा फोडी व्हायच्या. पाच सारख्या, सहावी जरा बारीक. ती त्यांची. आईला पेरू आवडत नाही, असं आम्हाला सांगितलेलं होतं. पुढं गिरणी बंद पडली. सोलापुरात १८७७ मध्ये जुन्या गिरणीचा भोंगा वाजला, त्यानंतर गावाचं घड्याळच भोंग्यावर चालायचं. तो एकेका गिरणीचा बंद होत गेला, तसा आमच्या गिरणीचाही झाला. वडील सकाळी उठायचे, दाढी करायचे, ओट्यावर बसायचे आणि शहाबादी पायरीवर पाण्याचे दोन थेंब टाकून चाकूला धार लावायचे. रोज. पेरू नसला तरी. चार वर्षं. पात्याची जी झीज पाहुण्यांनी भिंगातून पाहिली, तिच्यातली निम्मी त्या चार वर्षांतली आहे. कापायला काही नव्हतं.

पाहुण्यांना हे मी सांगितलं नाही. त्यांच्या हिशेबात याचं सदर नव्हतं.

धारेचं निघालंच आहे म्हणून सांगतो. हे काम ज्यांच्या रक्तात, ते शिकलगार. तलवारींना पाणी आणि चकाकी देणारी ही मंडळी. तलवारी खुंटीवर गेल्या तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी मिरजेत एकोणिसाव्या शतकात तंबोरे आणि सतारी करायला घेतल्या, आणि त्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पोलादाची तार कानानं ओळखणारा हात सतारीकडे वळला, यात मला नवल वाटत नाही. आमच्या गल्लीत सायकलीला चाक जोडलेला धारवाला यायचा. त्याच्या दगडातून उडणाऱ्या ठिणग्या आम्हा पोरांना गड्ड्याच्या जत्रेतल्या शोभेच्या दारूइतक्याच प्रिय. त्या जत्रेतच, होम मैदानावर, मी माझा पहिला चाकू घेतला. माशाच्या आकाराचा, शेपटीला कडी. पत्र्याचा होता, लोण्यालाही घाबरायचा. पण मिटायचा मात्र ऐटीत.

आता बाळगण्याबद्दल. संग्रह ड्रॉवरमध्ये असतो तोवर माणूस छांदिष्ट. खिशात घालून बाहेर पडला, की कायदा सुरू होतो. केंद्राच्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांची गोष्ट आहे, आणि त्यातूनही घरगुती नि शेतीच्या कामाची पाती वगळलेली. माझा तिसावा चाकू अडीच इंचांचा. म्हणजे मी निर्धास्त. पण आपल्याकडे १९५१ च्या पोलीस कायद्याचं कलम ३७ नावाचं एक गृहस्थ आहेत. यात्रा, निवडणूक, मोर्चा, कुठलाही सण आला की हे उठून बसतात. त्यांच्या यादीत सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुरे, काठ्या आणि इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू, सगळं येतं. शेजारच्या दामूअण्णांची फिरायला जायची काठीसुद्धा. मी यादी वाचून दाखवली, तेव्हा अण्णांच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांनी तारुण्य दिसलं.

यादी अशी ऐसपैस असली, की समीक्षेला वाव राहतो. आणि ती समीक्षा चाकूची होत नाही. खिशाची होते.

जानेवारीतली गोष्ट. यात्रा होऊन गेलेली, असा एक आदेश लागू असलेला. रात्री नऊच्या सुमारास एका नाक्यावर नाकाबंदी. मी स्कूटरवर, अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी. खिसे तपासताना हवालदाराच्या हाताला चाकू लागला.

"हे काय ओ काका? कुठं चाललालाव हे घेऊन?"

"घरी. वडिलांचा आहे."

त्यानं तो उघडला. टक्. मिटला. टक्. पुन्हा उघडला. चेहरा सैल झाला. "आमच्या आजोबाकडं होता बघा असाच," म्हणाला, आणि माझ्या हातात परत दिला. "जावा काका. जपून ठेवा. आता मिळत न्हाईत."

इतकी समंजस समीक्षा मी मोठमोठ्या मासिकांतही वाचलेली नाही. मी स्कूटरला किक मारणार, तेवढ्यात मागच्या सायकलवाल्याची पाळी आली. सतरा-अठरा वर्षांचं पोरगं. कॅरिअरला रिकामी पाटी, तिखट-मिठाचा डबा आणि पोत्यात गुंडाळलेला चाकू. पार्क चौकाजवळ हा पेरू विकतो, मी त्याचं गिऱ्हाईक. पेरूला देठाकडून चार छेद देऊन फुलासारखा उमलवतो आणि आत मीठ-तिखट भरतो, तोच. त्याच्या चाकूला टक् नव्हती, रुबाब नव्हता, आठवण येईल असा कुणाचा आजोबा नव्हता. हवालदारानं पोरग्याचं नाव विचारलं. वस्ती विचारली. मग त्याला सायकल बाजूला लावायला सांगितलं.

मी म्हणालो, "अहो, त्याचा माझ्यापेक्षा बोटभरसुद्धा मोठा नाही. पेरूचा धंदा आहे त्याचा. मी रोज खातो."

"काका, तुम्ही जावा."

"मग माझाही ठेवून घ्या."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की म्हातारपणी माणसं अशीच बिघडतात हे त्याला पूर्वीच कुणीतरी सांगून ठेवलं असावं. मी गेलो नाही. स्कूटर स्टँडवर लावून उभा राहिलो. थंडी होती. तासाभरानं पोरगं सुटलं. चाकू टेबलावरच राहिला. दोन चाकू, एक नाका, एक कलम, आणि दोन अभिप्राय. मर्ढेकरांच्या तीन लयींत हे कुठं बसतं, ते मी अजून शोधतो आहे.

चार दिवसांनी त्याच्या गाड्यावर गेलो. हातात नवीन पातं. लोखंड कापायच्या करवतीचं मोडकं पान घेऊन, त्याचे दाते घासून, एका बाजूला धार काढलेली. मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. खूण नाही, साल नाही, कारखाना नाही. मिटत नाही, एवढाच दोष. समीक्षक म्हणून मी ते हातात घेतलं, तोल बघितला, पेरूवर चालवून पाहिलं. सुरेख. देठापासून बुडापर्यंत एकदाही न अडखळता गेलं.

"कुठनं आणलंस?"

"घरीच केलं की ओ. तुमचा द्या बघू."

मी वडिलांचा चाकू दिला. त्यानं खाचेत नख न घालता, चिमटीनंच उघडला. धारेवरून अंगठा आडवा फिरवला. लांबून नव्हे, आडवा. ज्याला कळतं तोच असा फिरवतो. भिंगवाल्या पाहुण्यांनी अंगठा लावलाच नव्हता.

"धार गेलीय की ओ काका."

मला उत्तर द्यायला वेळही न देता त्यानं गाड्याच्या चाकामागून एक चपटा दगड काढला, त्यावर पिचकारीभर पाणी टाकलं आणि कडुलिंबाच्या पानाएवढं ते पातं दोन्ही बाजूंनी अगदी हलक्या हातानं सात-आठ वेळा ओढलं. पोलाद थोडंसं गेलं असणार. मग स्वतःच्या पाटीतला एक पेरू उचलला आणि कापून पाहिला.

"किती फोडी करू?" त्यानं विचारलं.